मिठाची रेघ

९ ऑक्टोबर

बारक्या,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकलं असशील तर परत उचल. तुझ्या दाजींनी मला लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना पत्ताच नाही. ते बाहेर गेलेत आणि मी शिलाई मशीनवर कापड पसरून, त्याखाली कागद सरकवून लिहितेय. शाळेत असताना गणिताच्या पुस्तकाखाली तू चित्रं काढायचास ना, तसं.

तसं विशेष काही नाही. आम्ही दोघं बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण तुला काय त्याचं. दाजींनी घड्याळांचं दुकान शेवटी उठवलं. हल्ली दुरुस्तीला घड्याळ आणतंय कोण? सगळी हत्यारं घरी आणली, खिडकीतली चांगली जागा पटकावली आणि मला मशीनसकट दाराकडे ढकललं. दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसतात. घड्याळं नाहीत, तर मणी-फिरक्या लावून मासे धरायचे गळ जोडत बसतात. तू ज्याला झुंबर म्हणालास तेच.

एक विचारायचं होतं. तू बोटींच्या इंजिनात हात घालून सारखा पाण्यात असतोस, तुला कळेल. खडकावर उभ्या माणसाच्या अंगावर लाट उडाली तर कपड्यावर मिठाचे ठिपके पडतात, बरोबर? मी जन्मभर कापड हाताळलंय, मला तरी तसंच वाटतं. पण दाजींच्या पँटवर ठिपके नाहीत. रेघ आहे. आखल्यासारखी सरळ, पांढरी, दोन्ही पायांवर एकाच उंचीला. पाण्यात उभं राहिल्याशिवाय अशी रेघ उमटत नाही.

आधी ती पोटरीवर होती. मग गुडघ्यावर आली. या आठवड्यात कमरेला आहे.

विचारलं तर म्हणतात, "लाट उडाली गं," आणि भिंग लावून मान खाली. मी धुते, वाळत घालते, आणि पुढच्या खेपेला रेघ कुठे असेल याचा विचार करत बसते. यांना पोहता येत नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तूच यांना मासे धरायला शिकवलंस. एक गळ, एक शिसं, कोळंबीचा तुकडा आणि तोंड बंद, इतकंच लागतं म्हणालास. तेवढ्यावर राहिले असते तर मी आज चोरून लिहीत बसले नसते.

उत्तर शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. लांबलचक नको. तुला लिहायचा कंटाळा, मला माहीत आहे.

तुझी ताई


२१ ऑक्टोबर

बारक्या,

चार ओळी का होईना, लिहिल्यास. पहिल्या दोन ओळी "मी ठीक आहे" यातच घालवल्यास, पण चालायचंच.

तू लिहिलंस, "झुंबर खडकात अडकत असेल, ते काढायला दाजी खाली उतरत असणार." मला हे सुचलंच नव्हतं. वाचलं आणि हातातली सुई तशीच राहिली.

मागच्या पत्रात मी कमरेपर्यंत लिहिलं होतं. ते खोटं होतं. रेघ शर्टाच्या खिशापर्यंत होती. तू घाबरशील म्हणून कमी लिहिलं. आता म्हटलं, घाबर. मी एकटीनेच किती घाबरायचं?

परवा मी यांच्या मागे गेले. धक्का संपतो तिथे ती आमिषवाली बसते ना, टोपलीत कोळंबी घेऊन, दोरीने टोपली खांबाला बांधून? तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात. मी रोज सांगते त्यांना. ऐकतील तर शपथ." म्हणजे गावाला माहीत, फक्त बायकोला माहीत नाही.

मी मोठ्या खडकाआड उभी राहिले. हे कडेवर उभे होते. तुझ्यासारखं लांब फेकत नाहीत, कडेवरून सरळ खाली सोडतात, त्या काळ्या घळीत. छान चाललं होतं. मग दोरी ताणली. ओढली, आली नाही. डावीकडून ओढली, उजवीकडून ओढली. तू असतास तर फाटकन तोडून दुसरा गळ लावला असतास आणि वर शिवी हासडली असतीस. यांनी काय केलं? गळाची काठी अलगद खडकावर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि पाठमोरे उतरायला लागले. माळ्यावरून शिडीने उतरतात तसे. पाय चाचपत.

खाली बोटभर रुंद पायरी आहे. त्यावर उभं राहून, एका हाताने खडक धरून, दुसरा हात खांद्यापर्यंत पाण्यात. गाल पाण्याला टेकलेला. आणि तोंड कुठे? खडकाकडे. म्हणजे समुद्राकडे पाठ! लाट येते ती यांना दिसतच नाही.

मला ओरडायचं होतं. पण दचकले आणि हात सुटला तर? मी मूठ तोंडात धरून उभी राहिले. एक लाट आली, हे छातीपर्यंत पाण्यात गेले, पुन्हा वर दिसले. मग हात बाहेर आला, त्यात ते झुंबर लोंबत होतं, आणि तोंडावर हसू, बारक्या. पोराला गर्दीतून शोधून काढल्यासारखं हसू.

मी त्यांच्या आधी घरी पोचले. चहा टाकला. "आज लवकर आलात?" म्हटलं. "लाट उडाली," म्हणाले.

आता तू म्हणशील, सरळ सांग ना त्यांना. सांगितलं. त्याच दिवशी जेवताना सांगितलं की अडकलं तर सोडून द्या, दुसरं करा. तर म्हणतात, "दुसरं कसं करणार? प्रत्येकाला वेगळा जीव आहे." भिंतीवर फळीला टांगलेत सगळे. मणी, फिरक्या, चिमटे, कुठल्याशा घड्याळाच्या किल्ल्या, तीन-तीन गळ. एकेकाला आठ-आठ दिवस लावतात. तुझ्या एका गळाला किती वेळ लागतो? शिंक यावी इतका. म्हणून तुला तोडता येतो.

घरी ये. तुझं ऐकतील. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर ते हातात धरून "दाजी, हे झुंबर कुठल्या दिवाणखान्यात टांगायचं?" म्हणालास, आणि अख्खा धक्का हसला. हे त्यांच्या मनाला किती लागलं ते तू पाहिलं नाहीस, तू हसत होतास. आणि त्यांनीही तुला घरची पायरी चढू नकोस म्हणायला नको होतं. दोघेही सारखेच. पण आता ते सगळं चुलीत घाल.

तुझी ताई


४ नोव्हेंबर

बारक्या,

"दाजींनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही." वा रे वा! खाली तुझी सही तरी कशाला केलीस, गाढवाचं चित्र काढायचंस. तिकडे तू मान ताठ करून बस, इकडे हे मान पाण्यात घालून बसतात. माझा जीव टांगणीला.

पण चित्र काढून पाठवलंस ते बरं केलंस. तीनदा पाहिल्यावर समजलं. वर काठीकडून आलेली दोरी, मग झुंबर, आणि सगळ्यात खाली शिसं. खडकात अडकतं ते बहुतेक वेळा शिसंच. म्हणून झुंबर आणि शिसं यांच्यामध्ये कच्चा धागा बांधायचा. शिशाचं वजन पेलेल, पण जोराची ओढ बसली की तुटेल. शिसं जातं खड्ड्यात, बाकी सगळं हातात परत येतं. उतरायची गरजच नाही.

कच्चा धागा! अरे, माझं अख्खं आयुष्य धाग्यात गेलं आणि ही युक्ती तू मला शिकवतोस.

मी ठरवलं की यांना सांगायचंच नाही. सांगितलं तर विचारतील, कुणी सांगितलं? मग तुझं नाव निघेल आणि सगळंच ओम फस्. हे अंघोळीला गेले की मी फळीवरून उद्याचं झुंबर उतरवते. खालच्या चिमट्यातून शिसं सोडवते, मध्ये टाके घालायचा करडा दोरा दुहेरी करून बांधते. दोऱ्याचा रंग तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीच्या, जवळचा निवडलाय. आधी मशीनच्या पायाला बांधून ओढून पाहिला. वजन पेलतो, हिसका दिला की तुटतो. कितपत कच्चा असावा हे मला कुणी शिकवायला नको.

अंघोळीचं पाणी थांबलं की मी पुन्हा मशीनवर. परवा घाईत बोटात सुई घुसली. "काय झालं?" आतून विचारतात. म्हटलं, "काही नाही, साबण लावा."

पहिल्या दिवशी हे परत आले तेव्हा मी दारातच उभी होते. तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी पँट पाहिली. कोरडी! पार घोट्यापर्यंत कोरडी. मला इतकं रडू आलं की कांदा चिरायला घेतला.

"शिसं गेलं," म्हणाले. "बाकी आलं."

"अरेरे," म्हटलं मी.

नंतरच्या दिवशीही शिसं गेलं, बाकी आलं. कपड्यावर दोन-चार ठिपके, रेघ नाही. मी पहिल्यांदा निवांत झोपले. तुला एक शाबासकी. गाढवाचं चित्र मागे घेते.

एकच गोष्ट खटकते. हे काही बोलत नाहीत. रोज शिसं जातं आणि हा माणूस कारण शोधत नाही? घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडलं तर जेवण सोडणारा माणूस! नुसते खिडकीत बसून नवीन झुंबर जोडतात. सगळ्यांत मोठं आहे म्हणे. त्यात सासऱ्यांच्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचं पितळी चाक बसवणार आहेत, कप्पी म्हणून. त्या घड्याळाखाली बसून हे कामाला लागले, तेच ते.

"ते तरी पाण्यात नका घालू हो," म्हटलं.

"चाक फिरायला असतं," म्हणाले. "कपाटात ठेवून काय करू?"

तुझी ताई


१७ नोव्हेंबर

बारक्या,

अक्षर वेडंवाकडं आलंय, लावून वाच. आधी सांगून टाकते, म्हणजे तुझ्या काळजात धस्स व्हायला नको. दोघं जिवंत आहोत. काल सकाळचं सांगते.

मोठं झुंबर परवा तयार झालं. तू पाहिलं असतंस तर तूही हसला नसतास, इतकं सुरेख होतं. मधोमध पितळी चाक, दोन्ही बाजूंना सारखे मणी, सारख्या फिरक्या, आणि दोन्ही टोकांना सारखाच चिमटा. मुद्दाम तसं केलं, म्हणाले, म्हणजे एका बाजूने झिजलं की उलटं लावता येईल.

काल सकाळी हे अंघोळीला गेले. मी ते खाली उतरवलं. शिसं अजून लावलेलं नव्हतं, बाजूला ठेवलं होतं. मी एका टोकाला करडा दोरा बांधला, दुहेरी, नेहमीसारखा. दोऱ्याचं दुसरं टोक एका सुट्या फिरकीला. शिसं हे लावतील म्हटलं. परत टांगलं.

हे गेले. मी एका बाईचा झगा उसवायला घेतला. उसवताना दोन्ही बाह्या सारख्या दिसायला लागल्या, डावी कुठली, उजवी कुठली कळेना, म्हणून खांद्याची खूण शोधायला लागले. आणि बारक्या, माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या झुंबराचं वर कुठलं आणि खाली कुठलं, हे मी पाहिलं होतं का? टांगताना ज्या टोकाने टांगलं होतं, त्या टोकाने त्यांनी लावलं असेल का? माझा दोरा शिशाच्या बाजूला गेला, की काठीच्या बाजूला?

काठीच्या बाजूला गेला असेल, तर पहिल्याच ओढीला अख्खं झुंबर खाली राहणार. चाकासकट. आणि हा माणूस त्या चाकासाठी...

मी उठले ती तशीच पळाले. दार लावलं नाही. गळ्यात मापाची पट्टी आणि दोरीला बांधलेली ती छोटी दोरे कापायची कात्री, तशीच. उतारावर एक चप्पल तुटली. आमिषवालीने मला पाहिलं आणि काही न विचारता टोपलीची दोरी खांबापासून सोडवायला लागली.

कडेवर काठी होती. दोरी वाऱ्यावर मोकळी उडत होती आणि तिच्या टोकाला माझा करडा दोरा. तुटलेला. हे कुठेच नव्हते.

मी ओरडले. मग खालून आवाज आला, अगदी साधा, घरात हाक मारतात तसा. "अगं, वर या म्हणू नकोस. येता येत नाही."

पाण्यात छातीपर्यंत होते. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. झुंबर सापडलं होतं त्यांना, हातातच होतं. पण शिसं फटीत पक्कं रुतलेलं, आणि ओढता ओढता एक गळ तळव्यात घुसलेला, दुसरा स्वेटरच्या बाहीत. मधली दोरी तुझ्या बोटीला पुरेल इतकी मजबूत. दुसऱ्या हाताने खडक धरलेला, तो सोडला तर संपलं. खिशात चाकू होता, पण काढणार कोणत्या हाताने? आपल्याच हाताने जोडलेल्या गळाला हा माणूस माशासारखा लागला होता.

विचार कर, दोरा मी खालच्या टोकाला बांधला असता तर एका हिसक्यात सुटले असते. मुळात उतरलेच नसते.

मी उतरले. कशी उतरले मला विचारू नकोस. मी कधी पावलं बुडतील एवढ्या पाण्यातही गेलेली नाही. आमिषवालीने दोरी माझ्या कमरेला गुंडाळली आणि वरून ओरडत राहिली. लाट आली की "लाट!" म्हणायची, की आम्ही दोघं खडकाला चिकटायचो. डोक्यावरून पाणी जायचं. नाकातोंडात मीठ. पाणी गेलं की मी पुन्हा हात खाली घालून दोरी शोधायची.

"कापू नकोस," म्हणाले. "चाक आहे त्याला."

बारक्या, त्या क्षणी मला यांचा इतका राग आला की भीती पळाली. "चाक राहू दे! आधी माणूस वर येऊ दे!" मी ओरडले. "चाकाशी लग्न केलं होतंत की माझ्याशी?" पाण्यात उभं राहून नवरा-बायको भांडतात तरी काय, असं वरून पाहणाऱ्या त्या बाईला वाटलं असेल. ती "लाट!" म्हणाली आणि दोघंही गप्प झालो.

मी कापायला घेतलं. ती कात्री दोऱ्यासाठी, तंगुसासाठी नाही. चावल्यासारखी कुरतडत बसले. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं. हनुवटी वर केली होती त्यांनी आणि माझ्याकडे बघत होते, समुद्राकडे नाही. मग दोरी तुटली. बाहीतला गळ काढायला वेळ नव्हता, मी बाहीच कापली. मीच विणलेली. ते चाक हातातून निसटताना मी पाहिलं, हिरव्या पाण्यात एकदा चमकलं आणि गेलं. यांनीही पाहिलं.

वर कसे आलो ते आमिषवालीला ठाऊक. तिचे हात सोलवटलेत. तळव्यातला गळ दवाखान्यात काढला, तीन टाके पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मासा मोठा होता वाटतं." कुणीच हसलं नाही.

आज कपडे धुवायला काढले. त्यांचा शर्ट आणि माझा झगा. दोन्हींवर रेघ आहे, माझी त्यांच्यापेक्षा वर. मी बुटकी ना.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काठी आमिषवालीने घरी पोचवली. ती कोपऱ्यात उभी आहे, आणि तिच्या टोकाला तो करडा दोरा तसाच आहे. मला तो कापून टाकता येईना. हे झोपलेत. उठले की पाहतील. गळ हातात गेला तेव्हा ओरडले नाहीत, पण हे कळल्यावर काय करतील, मला सांगता येत नाही. मी जन्मात यांना इतकी घाबरले नव्हते.

ताई


२० नोव्हेंबर

बारक्या,

त्यांना कळलं.

सकाळी उठले, काठी घेतली, खिडकीत बसले, डाव्या हाताने भिंग डोळ्याला लावलं. मी मशीनवर बसले होते, पायडल मारत होते, पण सुईखाली कापडच नव्हतं. बराच वेळ त्या टोकाकडे बघत होते.

"गाठ शिलाईची आहे," म्हणाले.

मी पायडल थांबवलं.

"आणि युक्ती तुझ्या भावाची. मलाही सांगितली होती त्याने, त्या हसण्याच्या आधी. मी म्हटलं होतं, माझ्या कामात कच्चा सांधा चालत नाही."

मग मी सगळं सांगितलं. अंघोळीचं, चित्राचं, शिंपीणबाईंच्या पत्त्याचं. रडत सांगितलं. दोन टोकं सारखी होती, माझी चूक झाली, तुम्ही मेला असतात, माझ्या हाताने मेला असतात. ते भिंग काढून पुसत होते. टाके घातलेल्या हाताने, हळूहळू.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," म्हणाले.

म्हटलं, "काय?"

"शिसं गेलं तेव्हा चिमट्यात करडा दोरा राहिला होता. मला घरातला दोरा कळत नाही होय? बोललो असतो तर तू थांबली असतीस. आणि माझं काम परत येत होतं."

"मग त्या दिवशी का नाही तपासलंत?" मी ओरडलेच. "सगळ्या जगाचं तपासता! मिठाच्या डबीचं झाकण तपासता! काठीला लावताना दोरा समोर होता तुमच्या!"

"दिसला," म्हणाले. "वरच्या टोकाला दिसला. म्हटलं, आज वर बांधलाय, काहीतरी विचार असेल. तू बांधलास म्हणजे बरोबरच असणार."

बारक्या, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. भाजी चिरताना येतं, मशीन चालवताना येतं. त्यांनी रागवायला हवं होतं, आदळआपट करायला हवी होती. ते सोसलं असतं. माझ्या गाठीवर विसंबून हा माणूस खडकाच्या कडेवर गेला, याचं मी काय करू?

संध्याकाळी फळीवरचे सगळे गळ त्यांनी उतरवले आणि डब्यात ठेवले. मला म्हणाले, "झुंबरंच होती ती. तुझा भाऊ बरोबर म्हणाला होता, फक्त मोठ्याने म्हणाला." मग एक गळ घेतला, एक शिसं घेतलं, मध्ये माझा दोरा. मला समोर बसवून टोकं दाखवली, हे वर, हे खाली. मी तीनदा चुकले, मुद्दाम नाही.

"त्याला लिही," म्हणाले. "म्हणावं, तुझ्या बहिणीला वरखाली कळत नाही. येऊन शिकव."

ऐकलंस? बोलावलंय. याच्यापेक्षा जास्त बोलावणं त्यांच्या तोंडून येणार नाही, तूही वाट बघू नकोस. पत्रिका छापून घेणार नाहीत ते.

इथेच पत्र संपवलं असतं आणि सुखाने टपालात टाकलं असतं. पण तू लगेच यायला हवंस, का ते सांगते.

येत्या अमावास्येला पाणी खूप मागे जातं म्हणतात. वर्षातलं सगळ्यांत मागे. काल आमिषवाली हात दाखवायला आली होती, बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की त्या ओहोटीला घळ पार तळापर्यंत उघडी पडते, कधी कधी हरवलेलं सापडतं. मी तिला डोळ्यांनी खूण केली, पण उशीर झाला होता. हे खिडकीत बसले होते. भिंग लावलेलं नव्हतं. हातात काही काम नव्हतं. बाहेर बघत होते.

ती गेल्यावर मी त्यांचे खडकावर घालायचे बूट उचलले आणि माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे टाकले.

आज सकाळी त्यांनी सगळं घर पालथं घातलं नाही. चिडले नाहीत. मला फक्त विचारलं, "माझे बूट पाहिलेस का गं?"

"नाही," म्हटलं.

"बरं," म्हणाले.

नुसतं "बरं". आणि अनवाणीच दारापर्यंत जाऊन, पायरीच्या दगडावर पाय टेकवून, घसरतो का ते पाहून परत आले.

अमावास्या सोमवारी आहे. ये.

ताई